रोल संपल्यावर

“गिरण बंद ठेवा म्हणताय, ठेवते. पण किती वेळ ते सांगा. बाया ओळीनं बसल्यात माझा जीव खायला.”

अनसाबाईंनी पट्टा उतरवला. घरघर थांबली आणि बाहेरच्या पायरीवर डबे घेऊन बसलेल्या सात-आठ बायकांचं बोलणं एकदम आत आलं. म्हैसाळच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेली पत्र्याची पिठाची गिरण ती. आत आम्ही चौघं. कॅमेऱ्यामागे जयू कारखानीस, कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून टेपरेकॉर्डरपाशी मांडी घातलेले थत्तेकाका, दाराजवळच्या खुर्चीवर नाना हुपरीकर, आणि सगळ्यांना हुकूम सोडत उभी असलेली मी.

“अर्धा तास,” मी म्हणाले.

“शिनेमावाल्यांचा अर्धा तास म्हंजे दळण उद्यावर,” बाहेरून कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

साल एक्क्याण्णव. मी एकोणतीस वर्षांची, पाच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली घासलेली, आणि आता पहिल्यांदाच पाटीवर ‘दिग्दर्शन: मृदुला बोडस’ असं लिहिलेलं. नामवंत कलावंतांवर माहितीपट काढायचे असं एका सरकारी खात्यानं ठरवलं होतं. त्यात कोल्हापूरचे छायाचित्रकार नारायण हुपरीकर माझ्या वाट्याला आले. स्वतःला मी त्या वेळी फार शहाणी समजत होते. आज ते आठवलं तरी कान गरम होतात.

नाना बहात्तर वर्षांचे. सडपातळ, पांढरा शर्ट, खिशात कायम एक भिंग. चाळीस वर्षं त्यांनी माणसांचे फोटो काढले. गुऱ्हाळावरचे गुळवे, चपला शिवणाऱ्या बायका, शाळेत उशिरा पोचलेली पोरं. त्यांची एक पद्धत होती. आधी कॅमेरा पिशवीतच ठेवून माणसासमोर तासन्‌तास बसायचं. “माणूस आपल्याला कंटाळला पाहिजे,” ते म्हणायचे. “कंटाळला की तोंड नीट करायचं विसरतो. मग काढायचा.” डार्करूममध्ये ते मोठ्यानं आकडे मोजत आणि तळहात मध्ये धरून कागदावर पडणारा उजेड हवा तिथे अडवत. ते बघत राहावं असं होतं. आणि त्यांचं नाव झालं होतं ते एका गोष्टीसाठी. आहे त्या उजेडात फोटो काढणारा माणूस. फ्लॅशच्या दिव्याला हात न लावणारा.

त्यांचा सगळ्यात गाजलेला फोटो म्हणजे ‘झेप’. अठ्ठावन्न साली मिरजेत उतरलेल्या सर्कशीतला. झुल्यावरून सुटलेली अठरा वर्षांची मुलगी हवेत आडवी, दोन्ही हात पुढे, डोळे सताड उघडे. चौकटीच्या कडेतून तिला धरायला आलेले दोन पुरुषी हात. त्या चार हातांच्या मध्ये वीतभर रिकामी जागा. या वीतभर जागेवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. त्या उघड्या डोळ्यांत कुणाला विश्वास दिसला, कुणाला नव्या देशाची उमेद दिसली. फोटोला परदेशात बक्षीस मिळालं, तो कॅलेंडरवर आला, बँकांच्या भिंतींवर लागला. “पुढं काय झालं?” असं कुणी विचारलं की नाना म्हणायचे, “पुढचं फोटोत नसतं.” लोक माना डोलवायचे. मीही डोलवली होती, आणि ते वाक्य फिल्मच्या सुरुवातीलाच घालायचं असं ठरवूनही टाकलं होतं.

फिल्मला होकार देताना नानांनी एकच अट घातली होती. “त्या पोरीला हुडकून काढा, बोडसबाई. तिला फोटो मी माझ्या हातानं देणार. ते जमत असेल तर करू. नाहीतर राहू दे की.”

तेहेतीस वर्षांत त्यांनी तिला फोटोची एक प्रतसुद्धा दिली नव्हती. मला वाटलं, ही म्हातारपणची हळहळ. आणि खरं सांगायचं तर मनातून मी हरखले. फिल्मचा शेवट आयता चालून आला होता. म्हातारा छायाचित्रकार, एके काळची सर्कशीतली मुलगी, हातात फोटो, डोळ्यांत पाणी. मी संहितेत तसं लिहिलं आणि खात्याच्या समितीनं खूश होऊन मंजूर केलं.

हुडकायला दोन महिने लागले. पोस्टरवर तिचं नाव ‘मिस अनिता’ होतं. खरं नाव अनसूया लोखंडे निघालं, आणि ती राहत होती नानांच्या घरापासून साठ किलोमीटरवर. पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा अनसाबाई लंगडत बाहेर आल्या. उजवा पाय आखूड पडलेला. “जाळीच्या कडेवर पडले एकदा,” त्या म्हणाल्या. मी वहीत ‘पाय अधू’ असं लिहिलं. कधी पडलात, कशानं पडलात, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझं सगळं लक्ष गिरणीत उजेड कुठून येतो याकडे होतं.

तर त्या दिवशी गिरणीत. फिल्मचे दोनच डबे उरले होते. एकेक डबा अकरा मिनिटांचा. त्यातल्या पहिल्या डब्यातली पाच-सहा मिनिटं मी उन्हाच्या तिरिपेत उडणाऱ्या पिठावर उधळली. जयू म्हणाला, “मृदुला, पुढं लागेल.” मी म्हटलं, “हे बघ किती सुंदर आहे.”

मग नानांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो सोडला आणि अनसाबाईंपुढे धरला. अनसाबाईंनी पदराला हात पुसले. पुन्हा पुसले.

“माझं हात पिठाचं,” त्या म्हणाल्या.

“असू देत की,” नाना म्हणाले.

त्यांनी फोटो घेतला. बराच वेळ बघितला. स्वतःकडे त्या बघतच नव्हत्या. त्यांचं बोट कडेच्या त्या दोन हातांवर गेलं.

“हे सदबादादाचं हात. माझा थोरला भाऊ. मनगटाला पट्टं दिसत्यात न्हवं? दर खेळाला मीच बांधायची त्येचं पट्टं.”

त्यांचा आवाज भरून आला, आणि मी मनातल्या मनात समितीचे आभार मानत होते. तेवढ्यात जयूनं माझ्याकडे बघून हात आडवा फिरवला. डबा संपला होता.

तिथे मी ‘थांबा’ म्हणायला हवं होतं. पण अनसाबाई बोलत होत्या, रंगात आल्या होत्या, आणि मध्येच तोडलं तर रंग जाईल या भीतीनं मी जयूला गप्प राहा अशी खूण केली. थत्तेकाकांच्या टेपची चाकं फिरतच होती. कॅमेऱ्याचं आणि आवाजाचं यंत्र तेव्हा वेगळं असायचं. एक थांबलं तरी दुसरं चालू राही.

“नाना, एक इचारू का?”

“इचारा की.”

“त्यो उजेड कशाचा हुता?”

नाना हातातल्या वर्तमानपत्राची घडी घालायला लागले.

“मी झुला सोडला आन् दादाच्या मागनं उजेड आला,” अनसाबाई म्हणाल्या. “डोळ्यांपुढं पांढरं झालं. हात दिसंनात त्येचं. तशीच खाली गेले, जाळीच्या कडेवर. मी समद्यांस्नी सांगितलं, उजेड आला, उजेड आला. मालक म्हणालं, भाईर वीज चमकली आसंल. डाक्टर म्हणालं, चक्कर आली आसंल. कुणाला पटलं न्हाई.”

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे लख्ख झालं. ‘झेप’मधली मुलगी पुढच्या क्षणी धरली गेलीच नव्हती. तेहेतीस वर्षं आपण सगळे ज्याचं कौतुक करत होतो, ते तिचं पडणं होतं.

“आमच्यात रीत हाय, नाना. झुल्यावरनं माणूस पडलं की ते धरणाऱ्याच्या, कॅचरच्या माथ्यावर. पडलेलं माणूस परत वर चढंस्तवर कॅचरनं पट्टं बांधायचं न्हाईत. मी काय परत चढले न्हाई. पाय ह्यो असा. मग त्येनं बी बांधलं न्हाईत. एवढा नावाजलेला कॅचर, त्येनं घोड्यांची लीद काढली सर्कशीत. आता इचलकरंजीला लेकीकडं ऱ्हातो, मागाच्या कारखान्यावर राखणदारी करतो. आज बी म्हणतो, अनसा, माझा हात मागं ऱ्हायला. मी म्हणते, न्हाई रं दादा, उजेड हुता. त्यो म्हणतो, तू मला सांभाळून घेतीस.”

नानांनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला.

“माझा होता,” ते म्हणाले.

“काय?”

“उजेड. माझा होता तो. रिंगमास्तरनं बजावलं होतं, झुल्याच्या खेळाला काडीसुद्धा ओढायची नाही. मी तेरा दिवस ऐकलं. दोन्ही खेळांना उभा राहायचो. दर फोटोत हात पुसट यायचे. चौदाव्या दिवशी बाहेर विजा चमकत होत्या. म्हटलं, कुणाला कळणार नाही. बँडवाल्यांच्या माचावर चढून मागनं फ्लॅशचा बल्ब उडवला. आणि कळलं नाहीच कुणाला. तुम्ही पडलात तेव्हा मी खाली उतरून सामान भरत होतो.”

अनसाबाई ज्वारीच्या पोत्यावर बसल्या. आता त्या काय बोलतील, काय फेकून मारतील, या विचारानं मी जागच्या जागी थिजले होते. पण त्यांच्या तोंडावर राग नव्हता. उलट कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घ्यावं तसं त्यांचं तोंड झालं.

“म्हंजे हुता,” त्या म्हणाल्या. “उजेड हुता. येडी न्हवते मी.”

“वेड्या नव्हतात तुम्ही.”

“हे दादाला सांगा, नाना.”

“सांगणार. त्यासाठीच आलोय. या फिल्ममध्ये सांगितलंय आता, टीव्हीवर लागेल तेव्हा ऐकंल तो.”

“व्हय. समद्यांसमोरच पायजे. हजार माणसांसमोर मान खाली गेली त्येची.”

नाना माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा एवढा मोकळा मी पाहिला नव्हता. “घेतलंत ना सगळं, बोडसबाई? याच्याकरताच तर मी हो म्हटलं होतं तुमच्या फिल्मला.”

त्या घटकेला माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सदबा नावाच्या, कधी न पाहिलेल्या माणसाचा विचार माझ्या मनात आलाच नाही. मला आठवली मंजूर झालेली संहिता. ‘नामवंत कलावंत’ ही मालिका. समितीतले ते दोघं, जे हे ऐकून फिल्म कपाटात टाकतील. पाच वर्षांनी मिळालेली पाटी. मी स्वतःला लगेच सांगितलं की हे सगळं मी नानांच्या भल्यासाठी करते आहे, या वयात त्यांची छी-थू कशाला. लाज अशी वाटते की ते सांगायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

“नाना, फिल्म संपली होती,” मी म्हणाले. “फोटो हातात दिला तिथपर्यंतच आलंय.”

“आणि आवाज? आवाज तर असेल की.”

थत्तेकाकांनी हेडफोन कानावरून खाली घेतला. त्यांच्यासमोर चाकं अजून फिरत होती.

“नाही,” मी म्हणाले. “कॅमेरा थांबला की आवाजही थांबतो. दोन्ही एकालाच जोडलेलं असतं.”

थत्तेकाकांनी माझ्याकडे बघितलं. मग वाकून बटण दाबलं. चाकं थांबली.

“मग परत घ्या,” नाना म्हणाले. “परत सांगतो.”

जयू शेवटचा डबा चढवायला लागला. मी नानांच्या खुर्चीपाशी गेले आणि हळू आवाजात म्हटलं, “नाना, ते राहू दे आता. फोटोपुरतंच घेऊ. लोक उगाच काहीबाही बोलतील, आयुष्यभराचं नाव आहे तुमचं.” ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या खांद्यावर हातही ठेवला. शी.

दुसऱ्यांदा फोटो दिला गेला. अनसाबाईंनी पदराला हात पुसले, फोटो घेतला, पहिल्यासारखंच बोट दादाच्या हातांवर ठेवलं. मग मान वर करून नानांकडे बघितलं आणि वाट पाहिली. प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. आता तो विचारायची गरज नव्हती.

नानांनी तोंड उघडलं. कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेऱ्यापलीकडे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले, पण शब्द काही बाहेर पडेना. कॅमेरा सुरू असल्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी गप्प उभी राहिले. ‘बोला नाना’ एवढं जरी म्हटलं असतं तरी ते बोलले असते. मी म्हटलं नाही.

शेवटी अनसाबाईंनीच त्यांना सावरून घेतलं. सर्कशीत वाढलेली बाई, समोरचा डळमळला हे तिला माझ्याआधी कळलं.

“फोटू लई झ्याक आलाय, नाना,” त्या म्हणाल्या. “घाबरू नगा. बसा. च्या टाकते.”

आणि मी, कॅमेऱ्यामागून, गोड आवाज काढून म्हणाले, “अनसाबाई, खेळ संपल्यावर सलाम करायचात ना तुम्ही? तसा करून दाखवता?”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग फोटो पोत्यावर ठेवला, पदर खोचला, अधू पायावर तोल सावरत ताठ उभ्या राहिल्या, डावा हात कमरेवर ठेवला आणि उजवा हात झोकात वर नेला. तोंडभर हसू. एक्कावन्न वर्षांच्या बाईचं तोंड अठराचं झालं. दारातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी आनंदानं ‘कट’ म्हटलं.

परतताना जीपमध्ये, मिरज मागे पडल्यावर नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, “एकदा निघालं होतं तोंडातनं, बाई. परत नाही निघालं.” थोड्या वेळानं म्हणाले, “आवाज तरी असता तर बरं झालं असतं.”

मागच्या सीटवर थत्तेकाका बसले होते. मांडीवर टेपची पेटी. मीही खिडकीबाहेर बघत राहिले.

कोल्हापूरला लॉजवर पोचल्यावर थत्तेकाका माझ्या खोलीच्या दारात आले. हातात टेपचा चपटा डबा आणि पेन.

“यावर काय लिहू?”

“खराब,” मी म्हणाले.

त्यांनी त्यांच्या सुंदर अक्षरात ‘खराब’ असं लिहिलं आणि डबा माझ्या हातात दिला. “हा तुमच्याकडेच ठेवा. मी नाही ठेवत.” त्यानंतर त्यांनी माझ्याबरोबर कधी काम केलं नाही. मी दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा त्यांची तब्येत बरी नव्हती.

फिल्म टीव्हीवर लागायच्या पंधरा दिवस आधी नाना गेले. हृदयविकाराचा झटका. एका वर्तमानपत्रानं माझ्याकडून लेख मागवला. ‘कृत्रिम उजेडाला आयुष्यात कधी हात न लावलेला कलावंत’ असं मी त्यात लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं. ते वाक्य पुढे त्यांच्या प्रदर्शनांच्या पुस्तिकांतून छापलं गेलं. फिल्मला त्या वर्षी बक्षीस मिळालं आणि अनसाबाईंच्या सलामाचं चित्र महोत्सवाच्या पोस्टरवर आलं. ते बघून लोक रडायचे. माझं नाव झालं.

दहा-अकरा वर्षं अशीच गेली. टेपचा डबा मी तीन घरं बदलताना तीन वेळा बांधला आणि सोडला, पण फेकला नाही. मग दोन हजार दोन साली एका महाविद्यालयात ही फिल्म दाखवून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, “मॅडम, तो सलाम तुम्हाला कसा सुचला?” मी हसत हसत सांगितलं की रोल संपला होता, म्हणून सगळं परत करून घ्यावं लागलं. पोरं खूप हसली. घरी आल्यावर मी टेपचा डबा काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी टेपवरचा आवाज कॅसेटवर उतरवून घेतला आणि म्हैसाळची वाट धरली.

गिरण तीच होती. चालवत होती सदबांची नात. अनसाबाई बाहेर बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं, चहा टाकायला सांगितला, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच सुरू झाल्या.

“दादानं बघितला की तुमचा पिक्चर. त्येला मी त्याच दिशी सांगून आले हुते, एस्टीनं जाऊन. म्हणलं, दादा, उजेड फोटूवाल्याचा हुता, त्यो टीव्हीवर सांगणार हाय. पयल्यांदा पटंना त्येला. मग महिनाभर ज्येला त्येला सांगत हिंडला. त्या दिशी दाढी केली, धुतल्यालं कापड घातलं, खुर्ची टाकून म्होरं बसला. सारी गल्ली जमलेली. पिक्चर चालला, चालला, आन् संपला. माझा सलाम आला. लोकांनी टाळ्या पिटल्या.”

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“त्यो उठला. म्हणला, अनसा, मला बरं वाटावं म्हणून एवढं खोटं बोललीस व्हय? बास. त्येनं परत कधी त्यो इषय काढला न्हाई. मला काढू दिला न्हाई. तसाच गेला.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“फोटूवाला म्हातारा भ्याला ऐन वेळंला,” अनसाबाई म्हणाल्या. “जाऊ दे. मेल्या माणसाला काय बोलायचं. पण बाई, तुमी हुतासा की तिथं. त्यो खरंच म्हणला हुता न्हवं, माझा उजेड म्हणून? आता मला बी वाटाय लागलंय, मलाच भास झाला का काय.”

मी पिशवीतून छोटा टेपरेकॉर्डर काढला, बाजेवर ठेवला आणि बटण दाबलं. आधी खरखर आली, मग त्यांचा स्वतःचा आवाज, मग ती शांतता. आणि मग नाना. “माझा होता.”

अनसाबाईंनी टेपरेकॉर्डरवर तळहात ठेवला आणि शेवटपर्यंत तो उचलला नाही. नानांचं सगळं बोलणं झालं. “हे दादाला सांगा,” झालं. “आणि आवाज? आवाज तर असेल की,” झालं. त्याच्यापाठोपाठ माझा आवाज आला. “नाही.” स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता. मग टेप संपली.

“नाना भ्याले नव्हते,” मी म्हणाले. “त्यांनी मला विचारलं होतं. मी खोटं बोलले. त्यांना कळलंच नाही.”

“ह्ये तुमच्याकडंच हुतं?”

“हो.”

“कवापासनं?”

“त्याच दिवसापासून.”

मला वाटलं होतं, शिव्या देतील. द्याव्यात अशी माझी इच्छा होती, फार इच्छा होती. पण अनसाबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होत्या, ओठांतल्या ओठांत, चुकू नये म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

“पिक्चरला झाली अकरा,” त्या म्हणाल्या. “दादाला जाऊन चार.”

आत गिरणीत सदबांची नात कुणाशी तरी हसून बोलत होती.

“म्हंजे सात वर्सं त्यो हुता की, बाई. हितं इचलकरंजीला. एस्टीनं दीड तास.”